सायकलीवरून उडी

सायकल हें वाहन आमच्या प्रांतांत येऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. शाळामास्तर, कारकून, दूधवाले, वकील या सर्वांस तिनें इमानेंइतबारें वाहून नेलें, आणि एके काळीं पुण्यास तर ‘सायकलींचें शहर’ असें नांवच पडलें होतें. परंतु या सर्व काळांत सायकल म्हटली म्हणजे ती जमिनीस धरून चालावयाची, याविषयीं कोणाच्या मनांत शंका नव्हती. अलीकडच्या मुलांनीं ही समजूत निकालांत काढली आहे. तीं सायकल घेऊन डोंगरावर जातात आणि तीन-चार फूट उंचीच्या कांठावरून सायकलीसकट खालीं उडी घेतात. या प्रकारास त्यांच्या भाषेंत ‘ड्रॉप’ म्हणतात, आणि शर्यतीवांचून, केवळ डोंगराच्या अंगाखांद्यावर मनसोक्त खेळण्याच्या या एकंदर छंदास ‘फ्रीराइड’. ज्या घरांत अशी सायकल येऊन उभी राहिली आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं तिजकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस दुरून पाहावयाचा राहिलेला नाहीं. पवनेच्या कांठीं थेरगांवांत आमचें कुटुंब समोरासमोरच्या दोन घरांत राहतें. चूल मात्र एक आहे. आमच्या थोरल्या बंधूंच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांनीं सांठविलेल्या पैशांतून अशी एक सायकल घेतली, आणि गेल्या श्रावणांत एका टेकडीवर पडून हांसळीचें हाड मोडून घेतलें. हाड दोन महिन्यांत जुळलें. घरांतील मतें जुळावयास त्याहून अधिक काळ लागला. सायकलीस कुलूप घालून वहिनींनीं किल्ली देवघराच्या खणांत ठेविली, आणि ती परत द्यावी कीं न द्यावी यावर रोज जेवतांना वाद होऊं लागला. दादा म्हणत, “बारावी होईपर्यंत नाहीं.” वहिनी म्हणत, “कधींच नाहीं.” काकूंचें म्हणणें, “द्या बापडी. पण उड्या मारूं नकोस म्हणावें.” घरांतील बहुमत काकूंच्या बाजूस होतें. आम्हांस मात्र या तिहींत काकूंचाच मार्ग सर्वांत धोक्याचा वाटत होता. कां, तें सांगण्यापूर्वीं ही सायकल व तिची उडी यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

पुढच्या चाकाचा चिमटा दबणारा, म्हणजे धक्का पोटांत घेणारा, आणि मागचें चाक मात्र सांगाड्यास घट्ट जखडलेलें, अशा डोंगरी सायकलीस ‘हार्डटेल’ म्हणतात. टायर जाड, हँडल रुंद, सीट अगदीं खालीं घेतलेली, असा तिचा थाट असतो. जिच्या मागच्या चाकासहि शॉकॲब्झॉर्बर असतो ती सायकल उड्यांस अधिक सोयीची खरी, परंतु तिची किंमतहि मोठी आणि निगाहि मोठी. चाकणच्या कारखान्यांतून शॉकॲब्झॉर्बर तयार होऊन देशभर जातात. त्याच पट्ट्यांतल्या मुलानें मागें शॉकॲब्झॉर्बर नसलेली सायकल उड्यांसाठीं पसंत करावी, याची आम्हांस गंमत वाटली. परंतु जाणते स्वार सांगतात कीं नवशिक्यास हार्डटेलसारखा गुरु नाहीं. ती चूक झांकून घेत नाहीं. गुडघे ताठ ठेवून उतरलें, तर टाचेपासून मणक्यापर्यंत त्याची पावती तत्काळ मिळते.

या खेळाचें मूळ अमेरिकेंत आहे. कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत 21 ऑक्टोबर 1976 रोजीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत लाविली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबांत असे. उतरतां उतरतां तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; म्हणून त्या वाटेस ‘रीपॅक’ असेंच नांव पडलें. पुढें 1989 सालीं धक्का शोषणारा चिमटा बाजारांत आला, आणि 1996 सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलींच्या शर्यतीस स्थान मिळालें. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील स्वारांनीं शर्यत बाजूस ठेवून कड्यांवरून उड्या घेण्याचा निराळा पंथ काढला. त्याच पंथाचा ‘रॅम्पेज’ हा मेळावा 2001 सालापासून यूटांतील तांबड्या डोंगरांत भरूं लागला. पुण्यांतहि हें रोप लागलें. विनय मेनन या पुण्याच्या स्वाराचें नांव फ्रीराइडच्या संबंधांत गाजलें, आणि पुण्यांतच ‘सायनाइड’ नांवाच्या मंडळींनीं ‘फ्युरान’ ही दणकट हार्डटेल रचून दाखविली. सायकलींच्या कारखान्यास विषाचें नांव असल्याचें ऐकून काकूंनीं कानांवर हात ठेविले, हें सांगावयास नकोच.

आमच्या मुलुखांत हा खेळ रुजावा यांत नवल नाहीं, कारण सह्याद्रि हाच मुळीं पायऱ्यांचा डोंगर आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतील कठीण थर कड्यांच्या रूपानें उरले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. मावळाच्या बाजूस कोणत्याहि उघड्या टेकडीवर गेलें तरी कातळाचा कंबरभर उंच कांठ आणि त्याखालीं मुरमाचा उतार, अशी जोडी जागोजाग आढळते. वडील मंडळींस तेथें बसावयाची जागा दिसते. मुलांस तेथें उडीची जागा दिसते.

आतां प्रत्यक्ष उडी. तिचें सारें मर्म कांठ सोडण्याच्या क्षणांत आहे. सायकलीच्या दोन चाकांच्या आंसांत साधारण 1.2 मीटर अंतर असतें. ताशीं 18 किलोमीटर वेगानें आलेली सायकल हें अंतर पाव सेकंदांत कापते. म्हणजे पुढचें चाक कांठाबाहेर गेल्यावर पाव सेकंदांत मागचेंहि बाहेर पडतें, आणि दोन्हीं चाकें जवळजवळ बरोबरीनें खालीं येतात. तीच सायकल माणसाच्या चालीनें, ताशीं 5 किलोमीटर वेगानें आली, तर मागचें चाक जवळजवळ 0.9 सेकंद कांठावरच राहतें. तेवढ्या अवधींत पुढचें चाक खालीं कोसळतें, मागचें वर राहतें, आणि स्वार हँडलावरून डोक्यावर पालथा होतो. म्हणून पायडलें समपातळींत, गुडघे व कोपरें सैल, नजर पायाखालीं नव्हे तर जेथें उतरावयाचें त्याच्या पुढें, आणि पुढचें चाक कांठ सोडतांच हात पुढें लांबविणें, असा त्याचा विधि आहे. ज्यास जावयाचें नसेल त्यानें दहा-बारा हात अलीकडेच थांबून खालीं उतरावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ऐन कांठावर ब्रेक दाबण्याइतकी घातक गोष्ट या खेळांत दुसरी नाहीं. भीति वाटली म्हणून जो वेग कमी करतो, तोच पडतो!

उतरण्याचेंहि गणित आहे. एक मीटर उंचीवरून खालीं येणारा देह 0.45 सेकंदांत जमिनीस टेकतो, आणि त्या वेळीं त्याचा खालच्या दिशेचा वेग ताशीं 16 किलोमीटर असतो. सपाट जमिनीवर हा वेग 10 सेंटिमीटरांत थांबविला, तर शरीरावर सरासरी भार स्वतःच्या वजनाच्या 11 पट येतो. तोच पाय, हात व चिमटा मिळून 50 सेंटिमीटरांत थांबविला, तर 3 पटच येतो. हार्डटेलवर मागच्या बाजूचें हें काम सर्वस्वीं पायांस करावें लागतें. खालीं जमीन उतरती असली तर भार आणखी कमी होतो, कारण वेग एकदम मोडला जात नाहीं. तो उताराबरोबर वाहून जातो. या कारणानें मुलांचा अर्धा वेळ उड्या मारण्यांत न जातां उतार बांधण्यांत जातो. घरीं पाण्याचा तांब्या भरून न ठेवणारे चिरंजीव कुदळ-घमेलें घेऊन तासन् तास मुरूम वाहतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

या साऱ्या गोष्टी नव्या आहेत असें मात्र समजूं नये. आमच्या आजोळीं मुलांस विहिरींत पोहावयास शिकवीत, तें पाठीस सुके भोपळे बांधून. प्रथम पाण्यालगतच्या पायरीवरून उडी, मग मधल्या पायरीवरून, आणि पुष्कळ दिवसांनीं कांठावरून. वरची पायरी केव्हां, हें शिकविणारा ठरवी. मुलगा नव्हे आणि त्याची आईहि नव्हे. उत्तर पेशवाईंत दुसऱ्या बाजीरावांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास ऊर्जितावस्था आणली. त्या विद्येंतहि साधी उडी अंगीं बाणल्यावांचून उस्ताद पुढच्या उड्यांकडे वळूं देत नाहींत. आमच्या घरांतून धाडस कधींच हद्दपार नव्हतें. त्यास पायऱ्या होत्या, आणि पायरीशीं कोणी जाणतें माणूस उभें असे.

आतां काकूंच्या तोडग्याकडे वळूं. थेरगांवांतच दिलीप वेंगसरकर यांची क्रिकेट अकादमी आहे. तेथें मुलांसमोर कठीण चेंडू वेगानें येतो, हें प्रत्येक पालकास ठाऊक असतें. परंतु “खेळ, पण चेंडूसमोर उभा राहूं नकोस” असें सांगून कोणी मुलास तेथें पाठवीत नाहीं. पाठवावयाचें तर पॅड, शिरस्त्राण व शिक्षक यांसह पाठवितात, नाहीं तर पाठवीत नाहींत. सायकलीच्या बाबतींत आमच्या घरानें नेमकें तेंच केलें होतें, जें क्रिकेटच्या बाबतींत कोणी करीत नाहीं. “जा, पण उड्या मारूं नकोस” ही आज्ञा श्रावणापूर्वींहि होतीच. तिचा परिणाम एवढाच झाला, कीं उडीसाठीं लागणारें संरक्षण मागण्याची मुलास सोय राहिली नाहीं. कारण तें मागणें म्हणजे उडीची कबुली देणें. हनुवटीपर्यंत येणारें शिरस्त्राण मित्राचें, तेंहि सैल, गुडघ्यांस कांहींच नाहीं, कातळ ओला. हाड जुळत असतां एके रात्रीं त्यानें आम्हांस सांगितलें, कीं कांठाशीं येतांच आईचे शब्द आठवले आणि बोटें आपोआप ब्रेकवर गेलीं. हें आम्ही वहिनींस पुष्कळ दिवस सांगूं शकलों नाहीं. त्यांची माया खोटी नव्हती; परंतु अर्ध्या परवानगीनें मुलाच्या अंगीं अर्धें धैर्य येतें, आणि तें कांठावर नेऊन सोडतें.

वहिनींच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. सायकलवरून पडणाऱ्याची हांसळी व मनगट मोडणें ही नित्याची गोष्ट आहे. डोकें व मान यांस मार लागला तर जन्माचें नुकसान होऊं शकतें. शिरस्त्राणानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. शिवाय टेकड्या सर्वांच्या आहेत. सकाळीं फिरावयास येणाऱ्या वृद्धांच्या वाटेवर भरधाव सायकल सोडणें हा खेळ नव्हे, उपद्रव आहे. आणि वनखात्याच्या किंवा लष्कराच्या जमिनींत विनापरवाना शिरणें हा गुन्हा आहे. या गोष्टी मान्य करूनच काय तो निर्णय घ्यावयास हवा होता. पूर्ण नकार हाहि एक सरळ निर्णय आहे, आणि ज्या घरांत मुलाबरोबर जावयास कोणास सवड नाहीं, त्या घरानें तोच घ्यावा असें आम्ही म्हणूं.

मार्गशीर्षांत एके रविवारीं आमच्या घरांतील सर्व मंडळी बसलीं आणि कलमें ठरलीं. शिरस्त्राण स्वतःचें व मापाचें, गुडघ्यांस व कोपरांस कवच. ओल्या कातळावर जावयाचें नाहीं. एकट्यानें जावयाचें नाहीं. दादा किंवा आम्ही, दोघांपैकीं एक बरोबर असणार. जागा म्हणजे त्याच्या मित्राच्या मामांची मावळांतील पडीक जमीन, तीहि मामांच्या परवानगीनें. पुन्हां आरंभ एक फुटापासून. एका उंचीवरून वीस वेळां दोन्हीं चाकें बरोबर टेकल्यावांचून पुढची वीट चढवावयाची नाहीं. दादांनीं हीं कलमें वहींत लिहून त्यावर मुलाची सही घेतली. वहिनींनीं संमति दिली नाहीं. त्यांनीं फक्त देवघराचा खण उघडला.

सध्यां मजल दोन फुटांवर आली आहे. वहिनी एकदांच पाहावयास आल्या होत्या, आणि पहिल्या उडीस त्यांनीं डोळे मिटले होते. परंतु दर रविवारीं तो परतला कीं पाय धुण्याआधींच त्या विचारतात, “आज किती?” पूर्वीं या प्रश्नास “कांहीं नाहीं, असेंच” असें उत्तर मिळत असे. आतां तें फुटांत आणि इंचांत मिळतें.