जिन्याखालचे कपाट

इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवणे ही काही नवलाची गोष्ट नाही. फार पूर्वी तिथे पाव भाजावा तशी घरोघरी बायकाच बिअर करीत. पुढे सरकारचे लक्ष गेले आणि १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागू लागला. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. तेव्हापासून घरी पिण्यापुरती बिअर करायला तिथे कोणाला विचारावे लागत नाही, फक्त ती विकायची नाही. मग दुकानांतून नवशिक्यांसाठी तयार संच मिळू लागले. आपल्याकडे इडलीच्या तयार पिठाचे पाकीट मिळते, त्यातलाच हा प्रकार.

लेस्टरजवळ राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरने असाच एक संच आणला होता. त्याच सुमारास त्याची आई डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आली. तिसऱ्या दिवशी झाडू शोधताना तिने जिन्याखालचे कपाट उघडले. आत प्लॅस्टिकचे भले मोठे पिंप, झाकणावर काचेसारखी वाकडी नळी आणि तिच्यातून ‘बुडुक बुडुक’ असा आवाज.

‘‘अरे, भट्टी लावलीस की काय घरात?’’

मुलगा हसला, पण आई हसली नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. तेव्हाची वर्तमानपत्रे तिने वाचली होती. घरची दारू म्हणजे तेच, असे तिच्या मनात पक्के होते. मुलाने समजावले, की तिथे दारूत मिथेनॉल होते. बिअर नुसती आंबवतात. तिची वाफ धरून दारू गाळत नाहीत. परवान्याशिवाय घरी दारू गाळायला इंग्लंडमध्येही बंदीच आहे.

‘‘विषाचं मी विचारतच नाहीये,’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्या बाबांनी कुठे विष घेतलं होतं? परवान्याच्या दुकानातूनच आणायचे.’’

यावर मुलाकडे उत्तर नव्हते. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता.

दोन दिवस आई त्या कपाटाकडे फिरकली नाही. मग मात्र कुतूहल आवरेना. सूनबाईने तिला रिकामा डबा दाखवला. त्यात दीड किलोच्या आसपास माल्टचा अर्क होता. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. त्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा आधीच उतरवलेला असतो. दिसायला थेट काकवी! तो उकळत्या पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, थंड पाणी ओतून तेवीस लिटर करायचे. ऊन गेले, हाताला कोमट-गार लागले, की वरून यीस्टची पुडी भुरभुरायची. यीस्ट साखर खाते, त्यातून अल्कोहोल होते आणि वायू नळीतून बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र आत येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे काय, तर स्वच्छता. पिंप, नळी, चमचा, सगळे निर्जंतुक करून घ्यायचे, नाहीतर तेवीस लिटर आंबट पाणी मोरीत ओतायची पाळी येते. हे आईला एका वाक्यात कळले. लोणच्याच्या बरणीला ओला हात न लावू देण्यात तिचे आयुष्य गेले होते.

मुलाजवळ एक वही होती. तीत तो तापमान आणि काचेच्या नळीवरचे आकडे लिहायचा. दुधात पाणी किती हे पाहायला लॅक्टोमीटर असतो, तशीच ही नळी. पहिल्या दिवशी १०४० होते, दहाव्या दिवशी १०१०. म्हणजे साखर संपत आली, अल्कोहोल सुमारे चार टक्के झाले. दोन दिवस आकडा हलला नाही, तेव्हाच बाटल्या भरल्या. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत आंबत राहते आणि बाटली फुटते. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालून बूच बसवले. अर्ध्या लिटरच्या चव्वेचाळीस बाटल्या झाल्या.

चव्वेचाळीस! या संचाची खरी मेख इथेच आहे. स्वस्तात पडते, घरचे आहे, अशा कौतुकात लोक विसरतात, की एवढा साठा आता चोवीस तास घरात आहे, आणि दुकान बंद व्हायची वेळ त्याला नाही. (आपल्या वाचकांनी संच मागवायच्या फंदात पडू नये, हे सांगायला हवे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे.)

आईने त्या रात्री वही मागून घेतली. ‘‘यात आणखी एक रकाना कर. तारीख, आणि कोणी घेतली.’’

मुलाला राग आला. तो पस्तिशीचा, नोकरीत वरच्या जागेवर. ‘‘आई, मी बाबा नाही,’’ तो म्हणाला.

‘‘बाबाही आधी बाबा नव्हते,’’ ती म्हणाली.

रकाना आखला गेला. त्यानंतर चार आठवडे तो कोराच राहिला, कारण बाटलीत फेस धरायला आणि चव मुरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पहिली बाटली उघडली तेव्हा आईने नुसता वास घेतला आणि ती कढी हलवायला गेली. चव तिने शेवटपर्यंत पाहिली नाही, आणि तिला कोणी आग्रहही केला नाही.

परतीच्या आदल्या दिवशी बॅगा भरून झाल्यावर ती वही घेऊन जिन्याखाली बसली. सहा आठवड्यांत मुलाच्या दहा, सूनबाईच्या तीन, पाहुण्यांच्या आठ. एकवीस. कपाटातल्या बाटल्या तिने बोट लावून दोनदा मोजल्या. तेवीस होत्या.

वरच्या फळीवर नवा डबा होता.

‘‘हा कधी लावणार?’’

‘‘या संपल्यावर.’’

तिने फूटपट्टी मागितली आणि वहीचे पुढचे पान स्वतःच आखून ठेवले.