दुसरी ट्रॉली

मुलांनो, बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने कधी गेला आहात का? नसाल, तर चला माझ्याबरोबर. अंतर साधारण ५० किलोमीटर. खिडकीची जागा तुमची, बरं का!

बारामती हे कविवर्य मोरोपंतांचं गाव. कऱ्हा नदीच्या काठी बाबूजी नाईकांचा जुना वाडा आहे. अडीचशे वर्षांपूर्वी पंत या नाईकांकडे पुराण सांगायचे. तेव्हाची रहदारी कसली? पायी माणसं, घोडे आणि बैलगाड्या. गल्ल्याही तेवढ्याच रुंद. आज सकाळी कॉलेजची मुलं, एमआयडीसीतले कामगार, दुधाच्या गाड्या, टेम्पो, सगळे एकदम निघतात. गल्ली मात्र तेवढीच!

गाडी काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी करत पुढे जाते. दोन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगामात इथे ट्रॅक्टर दिसतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. त्यावरून एक गोष्ट सांगते.

आमच्या भागातल्या एका जुन्या गावात, अरुंद वळणावर माझी चौथीतली विद्यार्थिनी उभी होती. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली. तिला वाटलं, झालं! तिने पाऊल टाकलं आणि एका आजोबांनी तिला मागे ओढलं. हातातला डबा खाली पडला. त्यावरून दुसऱ्या ट्रॉलीचं चाक गेलं. डबा पार चपटा झाला. पोर वाचली.

असं का झालं? वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. पहिली ट्रॉली थोडी आत येते, दुसरी आणखी आत. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहू नका. वर्गात आम्ही काड्यापेट्या दोऱ्याने जोडून हे करून पाहिलं. तुम्हीही पाहा.

तेवढ्यात आलंच की इंदापूर! शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे. आता कुणी म्हणेल, "रस्ते रुंद करा, मोडा जुन्या भिंती!" पण भिंत एकदा पडली की पुन्हा थोडीच मिळणार? दुसरा उपाय आहे. ज्याला गावात कामच नाही, त्याला बाहेरून जाऊ द्यायचं. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूरला असाच वळसा घालून जातो.

पण ज्यांचं गावातच काम आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी वेळा ठरवता येतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्येही हाच घोळ होता. ज्यूलियस सीझरच्या काळी दिवसा बहुतेक मालगाड्यांना शहरात बंदी झाली. मग गाड्या रात्री खडखडू लागल्या आणि लोकांची झोप उडाली! म्हणजे नियम करताना सगळ्यांचा विचार हवा. शाळा भरताना नि सुटताना तेवढा तासभर अवजड गाड्या थांबल्या, तरी पुष्कळ झालं.

जमेल का हे? आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. तेव्हा गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवतात आणि सारा रस्ता चालणाऱ्यांचा होतो. पाटस ते तोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या नव्या पालखी मार्गाची पायाभरणी २०२१ साली झाली. त्यातही वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट योजली आहे. वारकऱ्यांसाठी वाट निघते, मग दप्तरवाल्यांसाठी का नको?

आता तुमचं काम. शाळेजवळच्या चौकात, मोठ्या माणसासोबत, सुरक्षित जागी अर्धा तास बसा. वहीत दोन रकाने आखा : 'गावात थांबलेल्या गाड्या' आणि 'नुसत्या पुढे गेलेल्या गाड्या'. मग ती वही घेऊन गुरुजी-बाईंबरोबर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. माझ्या वर्गाने वहीच्या पहिल्या पानावर त्या चपट्या डब्याचं चित्र काढलं आहे. तुम्ही काय काढाल?