चार्जिंगचा लाल दिवा

शनिवार, 9 मार्च 2024, ऑक्सफर्ड

अंधार पडल्यावर एबिंग्डनहून परतत होतो. हेडलाइट लावले आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणू लागला. हीटरचा पंखा लावला की आणखी उजळायचा, दोन्ही बंद केले की विझायचा. गाडी 1971ची एमजीबी, जन्म एबिंग्डनच्याच कारखान्यातला. तो कारखाना 1980मध्ये बंद झाला.

सोमवार, 11 मार्च

गॅरेजवाल्याला फोनवर लक्षणं सांगितली. गाडी न बघताच तो म्हणाला, आल्टरनेटर गेला, नवा टाका. मला पटलं नाही. काल इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावले होते, तेव्हा बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते. आल्टरनेटरचा डायोड गेला तरी दिवा असाच मिणमिणतो हे खरं, पण मग एवढ्या भाराखाली व्होल्टेज बहुधा घसरलं असतं.

या दिव्याचं काम समजून घ्यायलाच हवं. त्याच्या एका टोकाला किल्लीच्या स्विचकडून पांढरी वायर येते, दुसऱ्या टोकापासून तपकिरी-पिवळी वायर आल्टरनेटरकडे जाते. किल्ली फिरवली की याच दिव्यातून थोडा करंट रोटरच्या वेटोळ्यात जातो आणि आल्टरनेटर जागा होतो. तो वीज देऊ लागला की दोन्ही टोकांचं व्होल्टेज सारखं होतं आणि दिवा विझतो. म्हणजे हा तराजूचा काटा आहे. तो हलला म्हणून आल्टरनेटरचंच पारडं हलकं कशावरून? स्विचच्या बाजूला व्होल्टेज कमी पडलं तरी तो हलणारच.

शनिवार, 16 मार्च

लेकीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "बाबा, आता लावू?" म्हणत ती हेडलाइट चालू-बंद करत होती. बॅटरीवर 14.1, पण स्विचला येणाऱ्या तपकिरी वायरवर 12.4. स्विचमधून निघणाऱ्या पांढऱ्यावर जवळजवळ तेवढेच. स्विच निर्दोष. व्होल्टेज कुठेतरी त्याच्या आधीच खाल्लं जात होतं. हेडलाइटचा करंटही त्याच तपकिरी वाटेने येतो, म्हणून भार वाढला की दिवा उजळत होता.

बॅटरी सोडवून तपकिरी वायर हाताने चाचपत गेलो. बॉनेटखाली एका बुलेट कनेक्टरची रबरी नळी कडक होऊन तडकलेली. ओढली तर आत हिरवा गंज, आणि एका वायरच्या बुलेटभोवती इन्सुलेशन उष्णतेने काळं पडलेलं. बुलेट घासून लख्ख केले, नळी आतल्या धातूच्या पुंगळीसकट नवी घातली. पुन्हा मोजलं: स्विचवर 13.9. हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावलं, दिवा विझलेलाच.

या गाड्यांच्या वायरिंगवरून लोक विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. मला तो अन्याय वाटतो. पन्नास वर्षं पाऊस-ओल खाल्लेला सांधा कोणाचाही असता तरी गंजला असता. उलट, तपकिरी म्हणजे कायम जिवंत, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची, अशी रंगांची शिस्त त्यांनी घालून दिली नसती तर आज मला वाटच सापडली नसती.

रविवार, 17 मार्च

रात्री पुन्हा एबिंग्डनला जाऊन आलो. दिवा लागला नाही.

अशी गाडी बाळगणाऱ्यांना एकच विनंती: आल्टरनेटर बदलण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या आणि दिव्याच्या दोन्ही बाजू मोजा. किल्ली फिरवल्यावर दिवा मुळीच लागत नसेल, तर आधी बल्ब बघा. तो उडाला असेल तर आल्टरनेटर जागाच होणार नाही, असंही होतं. आणि त्या जागी साधा 2.2 वॅटचाच बल्ब घाला. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही.