उपग्रहाला गवा दिसत नाही

वाचकहो, नव्या मुंबईत राहणाऱ्या माणसाने गव्यावर लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. इथे आमच्या नजरेस पडते ती खाडी आणि तिच्या काठची खारफुटी. पण आभाळातून रानाचा नकाशा काढण्याचे मोल याच खारफुटीने आम्हांला शिकवले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या तोडीला मनाई केली आणि ती कुठे कुठे आहे याचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून करायला सांगितले. म्हणजे वाद नुसता तोंडी राहिला नाही.

माझा भाचा अशी चित्रे संगणकावर उघडतो. मी त्याला म्हटले, "राधानगरी-दाजीपूरचे रान काढ बघू." गव्यांसाठी १९५८ पासून राखलेले हे अभयारण्य.

"काढतो मामा, पण त्यात गवा दिसायचा नाही हं!"

कारण सोपे आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. तुमच्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा! त्या गुंठ्यात आठ-नऊशे किलोचा नर उभा असला तरी ठिपक्याचा रंग एकच. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका तर नऊ गुंठ्यांचा.

मग दिसते काय? गव्याचे घर दिसते. हिरवे पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश भरपूर परतवते. चित्रात तो लाल रंगाने दाखवतात. डिसेंबरचे आणि एप्रिलचे चित्र शेजारी ठेवायचे. दोन्हींत लाल राहिले ते सदाहरित रान, एप्रिलमध्ये फिके पडले ते पानगळीचे. सड्यावरचे गवत तोवर वाळून गेलेले असते. गव्याला गवत, कोवळा पाला, पाणी आणि दुपारची सावली ही सगळी हाकेच्या अंतरावर लागतात. ती कुठे एकत्र आहेत आणि कुठे तुटली आहेत, हे नकाशावर कळते. पावसाळ्यात मात्र या चित्रांत बहुधा ढगच!

एप्रिलच्या चित्रात भोगावतीच्या काठाला लालभडक पट्टा होता. नुसता रंग पाहणाऱ्या यंत्राने त्याला दाट रान ठरवले असते. तुम्हांला सांगायला नकोच, तो ऊस! गव्याचेही तेच होते. रान वाळले की हिरवे दिसते ते तुमच्या बांधाआड. रानमोडीचेही तसेच. वरून हिरवीगार, पण गुरे तिला तोंड लावत नाहीत. दोडामार्गाकडच्या रबराच्या बागाही वरून जंगलच वाटतात.

म्हणून असा नकाशा पायी फिरून पडताळावा लागतो. माझे स्पष्ट मत असे, की त्या वेळी गावचा गुराखी आणि सरपणाला जाणाऱ्या बाया यांना आधी विचारावे. कुठला झरा चैत्रात आटतो, कुठल्या सड्यावरचे गवत रानमोडीने खाल्ले, हे कोणताही उपग्रह सांगत नाही.

तुमच्या उसात गवा शिरतो तेव्हा पंचनामा होतो आणि कागद फायलीत जातो. त्याखेरीज घरच्या वहीतही लिहून ठेवा: तारीख, गट नंबर, कळप कोणत्या बाजूने उतरला आणि कुठून परत गेला. उपग्रहाच्या प्रत्येक चित्रावर तारीख असते. तुमची तारीख तिच्याशेजारी ठेवली, की त्या दिवसांत वरच्या रानात हिरवे किती उरले होते ते दाखवता येते. पोरांपैकी कोणी शाळेत नकाशा वाचायला शिकले असेल, तर ही वही त्याच्याकडे सोपवा.