लिंबू आणि गाळणे

विज्ञानाच्या बाईंनी वर्गात वाणसामान मांडले. २०,००० पट मोठे केल्यास विषाणू मोहरीएवढा, जिवाणू लिंबाएवढा, तांबडी रक्तपेशी ताटलीएवढी. केसाची जाडी मात्र पुरुषभर. दुकानदारांची मुले लगेच रमली.

एकीने विचारले, “आजीच्या गाळण्यात हे लिंबू अडकते?”

बाई थांबल्या. श्रद्धा दुखवायची नव्हती, खोटेही बोलायचे नव्हते.

“सुटे लिंबू निसटते. पण बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. २००३ साली ते प्रसिद्ध झाले. पटकीचे जिवाणू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटतात, ते कापडात अडकतात.”

“तो जलचर केवढा?”

“मिलिमीटरभर. आपल्या मापाने वीस मीटर.”

मुलीने खिडकीबाहेरच्या पटांगणाकडे पाहिले.