नुसती हवा

पौष अमावास्या जवळ आली की इंद्रवेल्ली मंडलातील महसूल कर्मचाऱ्याला आकाशाकडे पाहण्याची सवड नसते. केस्लापूरची नागोबाची जत्रा तोंडावर आलेली असते. पाण्याची सोय, दिवाबत्ती, दर्शनाच्या रांगा, मेस्राम मंडळींचा मानपान यांतच दिवस मावळतो. 2001 च्या जानेवारीत मी त्याच धामधुमीत होतो. त्या महिन्याच्या 21 तारखेला हैदराबादहून सुटलेला एक प्रचंड फुगा 41 किलोमीटर उंचीवर पोहोचला आणि तेथील हवेचे नमुने पोलादी नळ्यांत बंद होऊन खाली आले, हे मला पुष्कळ नंतर समजले.

तसे या फुग्यांशी आम्हा लोकांचे कागदोपत्री नाते जुनेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे फुगा-केंद्र 1969 पासूनचे. हवाई छत्रीने उतरणारी उपकरणांची पेटी वाऱ्याबरोबर कोठे जाईल याचा नेम नसल्याने आसपासच्या जिल्ह्यांना सूचना येत : अशी पेटी सापडल्यास उघडू नये, ताबडतोब कळवावे. त्याआधीच्या एका हिवाळ्यात अशीच सूचना मी एका गावच्या पारावर मराठीतून वाचून दाखवली, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "सायेब, त्या पेटीत ऱ्हायते काय?"

मला पुढचे गाव गाठायचे होते. "काही नाही बाबा, नुसती हवा," असे म्हणून मी कागदाची घडी केली. मंडळी हसली. म्हातारबाबा मात्र गंभीरच होते. "हवा आनाले एवढ्या वर जा लागते?" मी उत्तर न देता जीपमध्ये बसलो. खरे तर पेटीत काय असते हे मलाही ठाऊक नव्हते.

उत्तर मिळाले ते मार्च 2009 मध्ये, वर्तमानपत्रात. रात्री रेडिओवर दूरदूरची केंद्रे ऐकू येतात ती आयनांबराच्या कृपेने, एवढे शाळेत शिकलो होतो. त्याच्या बराच खाली असलेला स्थितांबराचा थर माझ्या लेखी रिकामाच होता. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी नेमके तेथेच हात घातला. त्यांच्या विज्ञानकथा आपल्या बहुतेक घरांतून वाचल्या गेल्या असतील. जीवसृष्टीची बीजे धूमकेतूंच्या धुळीबरोबर बाहेरून येतात, असे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे मानीत. नारळीकरांनी ते मानले वा नाकारले नाही; तपासायचे ठरवले. खालची धूळ सहजी चढू शकत नाही अशा उंचीवर जिवंत पेशी सापडतात का, ते पाहू.

पहिल्या खेपेनंतर एप्रिल 2005 मध्ये पुन्हा फुगा गेला, 459 किलोची सामग्री घेऊन. सोळा निर्जंतुक, निर्वात नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, कारण 41 किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. आत आलेली हवा गोठली की तिच्यामागून आणखी ओढली जावी, अशी ही युक्ती. नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केली, म्हणजे एकीची चूक दुसरीत दिसावी. जिवाणूंच्या बारा वसाहती निघाल्या आणि बुरशीच्या सहा. तीन जिवाणू विज्ञानाला सर्वस्वी अपरिचित होते आणि अतिनील किरणांना आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद न देणारे. एकाला हॉईल यांचे नाव मिळाले, दुसऱ्याला इस्रोचे, तिसऱ्याला आर्यभटाचे.

आणि एवढे करून जाहीर काय केले? हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. सारी नोकरी मी प्रकरणे 'निकाली' काढण्यात घालवली. प्रलंबित हा शब्द आमच्याकडे दोषारोपासारखा उच्चारला जाई. येथे एक थोर माणूस आवडत्या गुरूची कल्पना तपासतो आणि पुरावा अपुरा पडला तर प्रकरण प्रलंबित ठेवतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर ते जंतू इथलेच, कसे तरी वर गेलेले असावेत. नारळीकर 20 मे 2025 रोजी निवर्तले. प्रश्न तसाच उघडा राहिला.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी जाऊन आलो. म्हातारबाबा केव्हाच गेले होते. त्यांच्या नातवाला त्याच पारावर सगळी हकीगत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मंग ते जंतू वरून आले, का इथूनच गेले?"

"ते अजून ठरायचे आहे," मी म्हणालो. त्याने चहा सांगितला. मला कोठे जायचे नव्हते.