अर्ध्या मिलिमीटरवरचा भूप

किशोरीताई आमोणकरांच्या भूपाची एलपी आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे. तिच्यावर विलंबित संपून ‘सहेला रे’ रंगात आलं की आवाज फाटतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. घरातली तिसरी पायरी करकरते हे जसं ठाऊक असतं, तसं. बाबा म्हणायचे, रेकॉर्डच तशी आहे. पुढे मुंबईच्या चोरबाजारातून मी त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत आणली, तीही नेमकी तिथेच फाटली. मग माझी खात्रीच पटली की दोष छापणाऱ्यांचा.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेबारा वाजता ती फाटली नाही!

मी उठलो, सुई उचलली, परत मागे ठेवली. पुन्हा नाही. बायकोला उठवलं. ती म्हणाली, “छान आहे, पण उद्या दुकान उघडायचंय ना?” शहाद्यात माझं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि पपईवाले शेतकरी सकाळी आठलाच दारात असतात. पण झोप कुठली! तेव्हापासून मी दिसेल त्याला गाठून हेच सांगतोय. आता तुमची पाळी.

बाबांचा रेकॉर्ड प्लेअर सूटकेससारखा होता, झाकणातच स्पीकर. त्यातलं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, सिरॅमिकचं आणि भार चांगला पाच-सहा ग्रॅमचा, म्हणजे रेकॉर्डवर नांगरच. तो गेला. मग सुरतेहून मी एका डीजेने काढून टाकलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० आणला. ताप्ती लाइनच्या गाडीत मांडीवर घेऊन बसलो होतो. साडेबारा किलोचं धूड ते! नवापूर येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्या दिवशी तो नुसता टाइमपासचा किस्सा होता. आता मात्र मला वाटतं, स्टिरिओ रेकॉर्ड समजवायला त्याहून चांगलं उदाहरण नाही. खाच एकच, पण तिच्या दोन भिंती. आतली भिंत डाव्या स्पीकरची, बाहेरची उजव्याची. गाडी रुळावरून जावी तशी सुई मधून जाते आणि दोन्ही राज्यांच्या बातम्या एकदम घेऊन येते.

डीजेचं कार्ट्रिज धडधाकट होतं, पण गाणं ऐकायला नव्हे. तेव्हा मुंबईच्या मावसभावाने फोनवर पहिल्यांदा ते दोन शब्द उच्चारले, मूव्हिंग कॉइल. “एकदा ऐक, मग माझ्याशी भांड,” म्हणाला.

नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला चिमुकलं लोहचुंबक असतं आणि बाजूला तारेची वेटोळी स्थिर. चुंबक हलतं, वेटोळ्यात वीज उपजते. सायकलचा डायनॅमो आठवा, तेच. मूव्हिंग कॉइलमध्ये उलट कारभार: चुंबक जागच्या जागी, आणि सुईच्या दांडीवर गुंडाळलेली वेटोळीच हलतात. हा पंडालातला माइक झाला, कारण त्यातही पडद्याला चिकटलेली वेटोळी हलतात. आता सुईला चुंबकाचं ओझं ओढायचं नाही, केसासारख्या तारेची मोजकी वेटोळी तेवढी हलवायची. म्हणून ती खाचेतल्या बारीकसारीक हरकतीही टिपते. पण वेटोळी मोजकी म्हणून वीजही मोजकीच. मी घेतलेलं कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्ट देतं. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे याच्या पाच हजार पट!

घेतलं ते डेनॉनचं डीएल-१०३. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओ स्टेशनांसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झालं आणि आजही जवळपास तसंच निघतं. मला हेच आवडलं. रोज आठ-दहा तास वाजावं, कुणीही ऑपरेटर असला तरी चालावं, अशा बेताने केलेली वस्तू तालुक्याच्या गावात टिकेल असं वाटलं. याहून नाजूक, लंबगोल किंवा आणखी धारदार टोकाच्या सुया मिळतात, पण मांडणीत केसभर चूक झाली की त्या रुसतात. याचं टोक साधं गोल, म्हणजे चुका पोटात घालणारं. माझ्यासारख्या नवशिक्याला तेच बरं. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत: नेहमीच्या कार्ट्रिजची सुई झिजली की चिमटीत धरून बदलता येते, मूव्हिंग कॉइलची येत नाही. झिजलं की अख्खं कार्ट्रिज बदला किंवा कारागिराकडे पाठवा.

दुसरी पारख हाताची, म्हणजे टोनआर्मची. हा विवाह जमवण्याचाच प्रकार आहे, आणि पत्रिकेत गुण पाहावेतच. सुईची दांडी रबरावर झुलते. हे रबर ताठ असेल तर हात जड हवा, लुसलुशीत असेल तर हलका. दोघांची मिळून जी नैसर्गिक थरथर होते ती सेकंदाला आठ ते बारा वेळा या पट्ट्यात पडली पाहिजे. त्याहून खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर हात झोके घेतो, वर गेली तर गाण्यातच लुडबुड करतो. डीएल-१०३ चं रबर ताठ. माझ्या टेक्निक्सच्या हाताचं परिणामी वजन १२ ग्रॅम, त्यात कार्ट्रिजचे साडेआठ आणि स्क्रूंचा एखादा ग्रॅम. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला तर साधारण पावणेअकरा आले. छत्तीस गुण!

आता बसवणं. एका रविवारी खिडक्या बंद करून बसलो. हाताच्या टोकाशी कार्ट्रिज धरणाऱ्या हेडशेलमधल्या चार तारा: पांढरी-निळी डावीकडच्या, लाल-हिरवी उजवीकडच्या. त्यांच्या टोकांच्या टोप्या गव्हाच्या दाण्याहून लहान, चिमट्याने एकेक पिनेवर सरकवायच्या. तिथवर ठीक. मग मी स्क्रू आवळायला घेतला आणि पेचकस हातातून निसटून खाली झेपावला! खरंच झेपावला. मूव्हिंग कॉइलच्या पोटातलं चुंबक दांडगं असतं, पोलादी वस्तू जवळ नेली की ते ओढून घेतं. टोक सुईपासून बोटभर अंतरावर आदळलं. मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे पळालो. त्यांनी न बोलता खणातून प्लास्टिकचा अलायनर काढून दिला, रेडिओच्या कॉइली जुळवायचा. “तीस वर्षांत कुणी मागितला नव्हता,” एवढंच म्हणाले.

भार हवा अडीच ग्रॅम. हाताच्या मागच्या वजनावर आकडे असतात, पण जुन्या यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये म्हणतात. बारीक वजनाचा काटा गावात कुणाकडे? सराफाकडे. आमचे सराफकाका म्हणाले, “अडीच ग्रॅम म्हणजे जुने अडीच मासे समजा.” बारा माशांचा तोळा हे मला शाळेपासून पाठ, पण मासा हे माप कधी आयुष्यात लागेल असं वाटलं नव्हतं. त्यांचा छोटा काटा रात्रीपुरता घरी आणला, त्याचं पातं पोलादी. सुई खाली आणताना टेकायच्या आधीच आकडा उणे दाखवायला लागला. चुंबक पात्यालाच वर ओढत होतं! मग पात्यावर लाकडी पट्टीचा तुकडा ठेवला, काटा शून्यावर आणला आणि सुई लाकडावर टेकवली. २.५१. काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणाले, सोन्यात एवढा फरक मी सोडला नसता.

मग लावलं आणि स्पीकरमधून नुसती घूंऽऽ.

माझा ॲम्प्लिफायर जुना. त्याला मूव्हिंग कॉइलची पुटपुट ऐकूच येत नाही, म्हणून मध्ये एक छोटा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतला होता, विजेची पातळी दहा पट करणारा. गणित सुरेख आहे. ॲम्प्लिफायरचा रोध ४७ हजार ओहम, दहाचा वर्ग शंभर, म्हणून कार्ट्रिजला तो ४७० ओहमच वाटतो. त्याच्या स्वतःच्या ४० ओहमला हे उत्तम. पण घूं जाईना. मला आधी अर्थिंगचा संशय आला. आमच्याकडे मे महिन्यात जमीन भाजून निघते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. शेजारच्या आजी ओट्यावरून अहिराणीत म्हणाल्या, “काय रे भाऊ, तठे काय झाड लावी ऱ्हायना का?” घूं थोडी उतरली, गेली नाही. शेवटी खरा चोर सापडला: ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरच्या शेजारी ठेवला होता. ॲम्प्लिफायरमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तो निमूट पीत होता. उचलून हातभर लांब नेला आणि जागच्या जागी हळूहळू फिरवला. फिरवता फिरवता एका कोनात घूं अशी विरून गेली की वाटलं डीपीवरून लाइटच गेली.

आणि मग तानपुरा आला. इतकी वर्षं माझ्याकडे तानपुरा म्हणजे मागे पसरलेलं एक धुकं होतं. आता चार तारा वेगवेगळ्या छेडलेल्या ऐकू आल्या. जवारीतून ध्वनी कसा उमलतो, शेवटच्या खर्जाची तार सुटताना जरा बोट घासतं का काय, असं सगळं. ताईंनी पुढच्या सुरासाठी घेतलेला श्वास! त्या श्वासासाठी मी तीन वेळा सुई मागे नेली.

पण विलंबित संपलं, द्रुत आलं, आणि आवाज फाटला. त्याच जागी. एवढं करून!

त्या रात्री मी चिडून मावसभावाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “प्रोट्रॅक्टरवर जुळवलंस?” मी म्हटलं, माप घेऊन बसवलंय. “पट्टीने?” “पट्टीने.” फोनवर नुसतं हसणं.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा इथे आहे. रेकॉर्ड कायम मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या किंचित वरच फिरते, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, शेवटी जेमतेम एकवीस सेंटिमीटर. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. ठुमरी-भावगीताच्या रेकॉर्डला फारसं बिघडत नाही. पण आपलं रागसंगीत बघा! सुरुवातीला संथ आलाप, ज्याला जागा कमी लागते, त्याला सगळ्यात प्रशस्त जागा. आणि दाणेदार ताना, द्रुत बंदिश, जिथे क्षणाला दहा गोष्टी घडतात, ते सगळं सर्वांत चिंचोळ्या गल्लीत. अख्खी बैठक शिगेला पोचते ती नेमकी सगळ्यात अडचणीच्या जागी. तिथे सुई खाचेला अंशभर जरी तिरकी बसली, की संपलं.

हात एका टोकावर खिळलेला, त्यामुळे सुई सगळीकडे खाचेला सरळ राहूच शकत नाही. फक्त दोन ठिकाणी ती अचूक सरळ येईल अशी व्यवस्था करता येते. नेहमीच्या आराखड्यात ती दोन ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. प्रोट्रॅक्टर म्हणजे या दोन बिंदूंवर जाळी आखलेला कागद. पहिला मी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, त्यावर जुळवलं, आणि आवाज आधीपेक्षा वाईट! कंपासपेटीतल्या पट्टीने कागद मोजला तर १०० मिलिमीटरची खूणरेघ ९६ च भरली. यंत्राने पान कागदात मावावं म्हणून आक्रसलं होतं.

दुसरा कागद बरोबर आला. मग आरशाचा तुकडा, मुलाचं भिंग आणि मंगळवारची रात्र. आरशावर सुई टेकवून ती आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत उभे राहतात का ते पाहिलं. हात रेकॉर्डशी समांतर आहे ना, ते एका रेघ मारलेल्या कार्डावर ताडून पाहिलं. मग आतल्या बिंदूवर सुई. कार्ट्रिज जाळीच्या रेघांना किंचित तिरकं दिसत होतं. अलायनरने स्क्रू पाव फेरा सैल केले आणि कार्ट्रिज पुढे ढकललं. किती? अर्धा मिलिमीटर, फार तर. नखाच्या जाडीएवढं. बाहेरचा बिंदू तपासला, परत आतला, परत बाहेरचा. हे येणं-जाणं तासभर चाललं. खाली कुत्री भुंकत होती, आणि मी श्वास रोखून, कारण दिवसा बाजारातून आलेल्या मिरचीच्या धुळीने नाक हुळहुळत होतं आणि त्या क्षणी शिंक आली असती तर हा लेख झाला नसता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

खरं ते सांगतो. तानपुरा मूव्हिंग कॉइलने दिला, ‘सहेला रे’ मात्र कागदाने. ते डीजेवालं कार्ट्रिज मी नीट जुळवलं असतं तर तेही बहुधा एवढं फाटलं नसतं. आणि गोल टोकाला आतल्या खाचांत मर्यादा आहेतच, शेवटच्या अर्ध्या मिनिटात तार सप्तकातला एखादा सूर अजून जरा खरखरीत लागतो. बाबांच्या जुन्या प्रतीवर तर ‘सहेला रे’ आजही फाटतं. तिथे त्या सहा ग्रॅमच्या नांगराने खाचच उकरली आहे, तिला आता काही उपाय नाही. चोरबाजारातली प्रत स्वच्छ वाजते, तिला मी वीस वर्षं उगाच दोष दिला.

शहादा, तळोदा, नंदुरबार, कुठेही कुणाच्या माळ्यावर जुन्या एलपी पडल्या असतील तर शेवटी फाटतात म्हणून भंगारात देऊ नका. आधी प्रोट्रॅक्टर छापून घ्या. आणि झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ची खूण काढायला सांगा, मग घरी येऊन पट्टीने मोजा.